अर्थ लागेपर्यंत

नागपुरात दोन गोष्टी कोणी कोणाला समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. एक इथला मे महिना आणि दुसरी ग्रेस यांची कविता. दोन्ही सोसायच्या असतात, दोन्हींचा अभिमान बाळगायचा असतो आणि बाहेरगावचा पाहुणा त्यांच्याविषयी कुरकुर करू लागला की, "तुम्हांला सवय नाही ना, म्हणून," एवढे बोलून पन्ह्याचा पेला पुढे करायचा असतो.

मी मराठी शिकवते. त्यामुळे मे महिन्यापासून पळून चिखलदऱ्याला जाता आले, तरी ग्रेस यांच्यापासून मला पळता येत नाही. वर्गात त्यांची कविता काढली की पहिल्या बाकावरची मुले वहीत 'अर्थ' असा मथळा लिहितात, त्याखाली पट्टीने रेघ ओढतात आणि पेन सरसावून माझ्या तोंडाकडे पाहत बसतात. आता या कवितेचा अर्थ दोन ओळींत सांगणे म्हणजे संध्याकाळ डब्यात भरून घरी नेण्यासारखे आहे. तास संपतो, रेघेखालची जागा अर्धी कोरीच राहते आणि परीक्षा जवळ आली की मुलांचे चेहरे त्या जागेइतकेच कोरे होतात.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ग्रेस म्हणजे माणिक सीताराम गोडघाटे. जन्म १९३७ साली नागपुरात, आणि मॉरिस कॉलेज म्हणून जे जुन्या नागपूरकरांच्या तोंडी आहे त्या कॉलेजात त्यांनी मराठीच शिकवले. नाव घेतले ते इंग्रिड बर्गमन या नटीच्या एका चित्रपटावरून. 'संध्याकाळच्या कविता' हा त्यांचा पहिला संग्रह १९६७ चा. पुढे 'राजपुत्र आणि डार्लिंग' १९७४ मध्ये आणि 'चंद्रमाधवीचे प्रदेश' १९७७ मध्ये आले. २०११ साली 'वाऱ्याने हलते रान' या ललित लेखांच्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर काही महिन्यांनी, मार्च २०१२ मध्ये, ते गेले. 'दुर्बोध' हे विशेषण त्यांना एवढे चिकटले की काही लोक ते त्यांच्या आडनावासारखे वापरीत.

आणि तरीही गंमत पाहा. ज्या कवीची कविता कळत नाही म्हणून मराठीचे विद्यार्थी रडकुंडीला येतात, त्याच कवीच्या ओळी महाराष्ट्रातल्या लाखो स्वयंपाकघरांत म्हटल्या गेल्या आहेत. दूरदर्शनवरच्या 'महाश्वेता' मालिकेचे शीर्षकगीत त्यांचे. १९८९ च्या 'निवडुंग' चित्रपटात त्यांच्या कविता आल्या. स्वर हृदयनाथ मंगेशकरांचा, चाल त्यांचीच. मालिकेतल्या गीताला आवाज लताबाईंचा. कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या बाईने, कचेरीतून थकून आलेल्या कारकुनाने आणि स्टेशनवर गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या ऑटोवाल्याने ही गाणी गुणगुणली. आणि त्यांच्यापैकी कोणीही वहीत रेघ ओढून अर्थ विचारला नाही.

एकदा काटोलकडची एक विद्यार्थिनी तास संपल्यावर माझ्यामागून आली. म्हणाली, "मॅडम, ही कविता तर आमच्या घरची आहे." मी म्हटले, "घरची म्हणजे?" तर तिची आई संत्र्यांची तोड चालू असताना झाडाखाली बसून फळे निवडते आणि निवडताना हेच गाणे म्हणते. मुलीने एकदा आईला विचारले होते, या गाण्याचा अर्थ काय? आई म्हणाली, "अर्थ काहून पाहिजे वं? रडू येते ना!"

त्या माउलीचे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिले नाही. लिहिले असते तर मुलांनी तेही परीक्षेत उतरवले असते. पण त्या दिवसापासून ते माझ्या मनात घर करून आहे. कविता गाण्यात गेली की तिचे नेमके काय होते? ती सोपी होते काय? मुळीच नाही. ग्रेस यांची ती कविता गाण्यातही तेवढीच अवघड आहे. एकही शब्द बदललेला नाही, एकही प्रतिमा उलगडून सांगितलेली नाही. संगीतकाराने अर्थ सांगितलाच नाही. त्याने केले ते वेगळेच. अर्थ लागेपर्यंत ती कविता आपल्याजवळ राहील अशी त्याने सोय करून दिली. छापील पानावरची न कळलेली कविता आपण मिटून ठेवतो. न कळलेले गाणे मात्र आपण वर्षानुवर्षे म्हणत राहतो, आणि मग एखाद्या दिवशी, एखादे माणूस गेल्यावर किंवा एखादे घर रिकामे झाल्यावर, त्यातली एक ओळ आपणहून उघडते.

यासाठी संगीतकाराला आधी चांगला वाचक व्हावे लागते. कुठे श्वास घ्यायचा, कोणता शब्द लांबवायचा, कोणता हळूच ओलांडून जायचा, कुठे गप्प बसायचे, हे त्याला कवितेपाशी पुष्कळ दिवस बसल्याशिवाय ठरवता येत नाही. आम्ही मास्तर लोक हेच खडूने करायला पाहतो, पण आमचा तास पन्नास मिनिटांचा! हृदयनाथांनी ज्ञानेश्वर घेतले, मीरा घेतली, गालिब घेतला, सावरकर घेतले. १९७४ साली शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे झाली तेव्हा 'शिवकल्याण राजा'मध्ये रामदासांपासून भूषण, गोविंदाग्रज आणि कुसुमाग्रजांपर्यंतचे कवी एका माळेत ओवले. पेटीवर बोटे फिरण्याआधी या माणसाचे डोळे किती पानांवरून फिरले असतील, याचा हिशेब कोणी करीत नाही.

आमच्या विदर्भाच्या मातीला तर कविता गाण्याला देण्याची जुनी सवय आहे. कवी अनिल, म्हणजे आ. रा. देशपांडे, आणि गायक वसंतराव देशपांडे हे दोघेही मूळ मूर्तिजापूरचे आणि दोघांचेही आयुष्य नागपूरशी बांधलेले. ज्या अनिलांनी मराठीत मुक्तछंद रुजवला आणि पुढे 'दशपदी' लिहिली, त्यांचीच एक कविता वसंतरावांनी गाऊन अजरामर केली, तर दुसरी कुमार गंधर्वांनी. सुरेश भट अमरावतीचे, मुक्काम नागपुरात. स्वतःच्या गझला ते स्वतःच अशा काही आवाजात म्हणत की पुढे बसलेल्यांना वेगळ्या गायकाची गरज वाटत नसे. तरी 'सिंहासन' आणि 'उंबरठा' या चित्रपटांतून त्यांचे शब्द जिथे पोचले, तिथे संग्रहाच्या हजार-दोन हजार प्रती कधीच पोचल्या नसत्या. रेशीमबागेत त्यांच्या नावाचे मोठे सभागृह २०१७ मध्ये उभे राहिले. एका कवीच्या नावाचे एवढे मोठे सभागृह, आणि तेही नागपुरात! यात अर्धा वाटा चालींचा आहे, असे म्हटले तर भटसाहेबांचा आत्मा रागावणार नाही.

हा विचार मला वर्गात सुचला खरा; पण तो पक्का झाला घरात, आणि तोही अशा एका संगीतामुळे की ज्याला आमच्या गल्लीत अजून कोणी संगीत म्हणायला तयार नाही.

माझ्या बहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि शिकायला आमच्याकडे राहतो. मुलगा गुणी आहे, अंथरुणाची घडी घालतो, आजीला वेळेवर डोळ्यांचे थेंब घालतो. फक्त संध्याकाळी अभ्यासाला बसला की त्याच्या खोलीतून असे आवाज येतात, की इतवारीत लोखंडाच्या सळ्यांनी भरलेला ट्रक कोणी एकदम रिकामा करावा. या संगीताला 'मेटल' म्हणतात, आणि नाव ठेवणाऱ्याने नाव चुकवलेले नाही.

एके दिवशी आईने त्याला हाक मारून विचारले, "काहून ओरडून राहिला रे तो बाप्पा?"

"ओरडून नाही राहिला आजी, गाऊन राहिला."

"असं? मग त्याला कोणी पाणी तरी द्या."

तो हसला, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मावशी, तुझ्याच कामाचं आहे हे. डांटे कोण गं?"

चहाचा कप हातात तसाच राहिला. इटलीचा महाकवी आमच्या धरमपेठेतल्या घरात ब्राझीलमार्गे शिरला होता. 'सेपुल्तुरा' हे त्या वाद्यवृंदाचे नाव. पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ थडगे. ब्राझीलमधल्या बेलो ओरिझोन्ते या शहरात १९८४ साली दोन कोवळ्या भावांनी तो सुरू केला. पुढे भावांपैकी एक बाहेर पडला, त्याच्या जागी अमेरिकेतून नवा गायक आला, मग दुसराही भाऊ गेला. पण गाडा चालू राहिला. २००६ साली त्यांनी डांटेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वर अख्खी तबकडी काढली. नरक, शुद्धीची टेकडी आणि स्वर्ग, हाच क्रम तिच्यात धरलेला आहे. आणि या सगळ्या गदारोळाच्या मध्ये एक चिमुकला तुकडा आहे. त्याचे नाव 'युनोए'.

ही युनोए म्हणजे डांटेने कल्पिलेली नदी. शुद्धीच्या टेकडीच्या माथ्यावर दोन नद्या आहेत. पहिलीचे पाणी प्याले की माणूस आपली पापे विसरतो. दुसरीचे प्याले की त्याने केलेल्या चांगल्या गोष्टी त्याला पुन्हा आठवू लागतात. पहिली नदी ग्रीकांची, जुनीच. दुसरी मात्र डांटेच्या पदरची. आपल्या भाच्याला हे सांगितले तेव्हा त्याने कानातले यंत्र काढून बाजूला ठेवले. एवढा मान माझ्या वर्गातही मला क्वचित मिळतो.

मग मी त्याला डांटे सांगितला तो आपल्या घरच्या वाटेने. म्हटले, असे समज, डांटे जन्मला १२६५ साली आणि आपले ज्ञानेश्वर १२७५ साली. दोघांमध्ये समुद्र आणि डोंगर, एकाला दुसऱ्याची वार्ता असणे शक्य नाही. पण दोघांनी जवळजवळ एकाच काळात एकच धाडस केले. पंडितांची भाषा तिकडे लॅटिन, इकडे संस्कृत. ती येत असूनही दोघांनी बाजारात, अंगणात बोलली जाणारी भाषा उचलली आणि तिच्यात सगळ्यांत मोठा विषय मांडला. ज्ञानेश्वरी झाली १२९० मध्ये, नेवाशाला. अठरा अध्याय, सुमारे नऊ हजार ओव्या. डांटेचे शंभर सर्ग पुरे झाले ते १३२१ साली, त्याच्या मृत्यूच्या सुमारास. एकाची साडेतीन चरणांची ओवी, दुसऱ्याची तीन-तीन ओळींची साखळी. दोन्ही रचना तोंडी म्हणता याव्यात अशाच बांधलेल्या आहेत. ज्ञानेश्वरांची ओवी पुढे कीर्तनात आणि पारायणात गेली, आणि ओवी हाच छंद आपल्या आज्यापणज्यांच्या जात्यावरही होता. जात्याशी बसणाऱ्या बाईला अद्वैत कोणी समजावले होते? तिने ते दळणाबरोबर सांभाळले. तिच्या मुलाला, नाही तर नातवाला, कधीतरी त्याचा अर्थ लागेल एवढ्यासाठी.

भाचा म्हणाला, "म्हणजे ती पणजी आणि हे ब्राझीलवाले एकच काम करतात?"

मी म्हटले, "काम एक, पण रीत वेगळी." आणि मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून बोटे मोजून तीन रीती सांगितल्या.

पहिली रीत मूळ शब्दच गाण्याची. ग्रेस यांची गाणी तशी, ज्ञानेश्वरांच्या रचना लताबाईंच्या आवाजात आल्या त्या तशा. तिथे गाणाऱ्याच्या हाती फक्त स्वर असतो. शब्दाला हात लावायची सोय नाही. दुसरी रीत जुनी कथा नव्या पद्यात सांगण्याची. तिचा आपल्याकडचा मानदंड 'गीतरामायण'. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुण्याच्या आकाशवाणीवर ते सुरू झाले. दर आठवड्याला ग. दि. माडगूळकरांचे एक नवे गीत, सुधीर फडक्यांची नवी चाल. त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणून बावन्नाऐवजी छप्पन्न गीते झाली. वाल्मीकीचा श्लोक त्यात नाही, पण वाल्मीकी मात्र आहे. आणि तिसरी रीत या सेपुल्तुरावाल्यांची. ग्रंथ वाचायचा, मिटायचा आणि त्याची जी धग अंगात उरली असेल तिच्यावर स्वतःचे शब्द आणि स्वतःचा कल्लोळ रचायचा. यात मूळ ग्रंथाचा वाक्यन्‌वाक्य हिशेब नसतो. आपल्या मुंबईतही असे झाले आहे. 'डिमॉनिक रेझरेक्शन' नावाच्या तिथल्या मेटल वाद्यवृंदाने २०१७ साली 'दशावतार' काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराला एक गाणे. गंमत अशी की ब्राझीलवाले डांटे पोर्तुगीजमध्ये गात नाहीत आणि मुंबईवाले नरसिंह मराठीत किंवा हिंदीत गात नाहीत. दोघेही इंग्रजीत गातात. ज्ञानेश्वर आणि डांटे यांनी ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते आपल्या आईच्या भाषेत म्हणण्याचे काम या मुलांनी अजून बाकी ठेवले आहे. हे ऐकून भाचा जरा गप्प झाला. त्याच्याही खोलीत एक गिटार आहे.

ग्रंथ कोणत्या आडवाटेने कुठे निघतात, हे मात्र कोणी सांगू नये. याच सेपुल्तुराने २०१३ मध्ये 'मेट्रोपोलिस' या १९२७ च्या जर्मन मूकपटावरून एक तबकडी काढली. तो चित्रपट ज्या कादंबरीशी जोडलेला, तिची लेखिका थेआ फॉन हार्बू. तिने पुढे विवाह केला तो आयी तेंडुलकर या बर्लिनमध्ये राहणाऱ्या आपल्याकडच्या पत्रकाराशी. युद्धाच्या सावटात तेंडुलकर मायदेशी परतले, आणि नंतर १९४५ साली त्यांचे इंदुमती गुणाजींशी लग्न लागले ते सेवाग्रामात, गांधीजींच्या आशीर्वादाने. सेवाग्राम म्हणजे आमच्या नागपूरहून सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येण्याइतके जवळ! ब्राझीलमधल्या ढोलाचा एक धागा असा वर्ध्याच्या वाटेला येऊन लागतो.

आता या सगळ्याची दुसरी बाजू सांगायला हवी. नाही तर हा लेख म्हणजे गाण्याची जाहिरात होईल.

गाणे कविता सांभाळते, पण सांभाळताना तिला आवळतेही. एकदा लताबाईंच्या आवाजात ऐकलेली कविता पुढे दुसऱ्या कोणत्याही आवाजात वाचता येत नाही. वर्गात मी ती मोठ्याने वाचू लागले की मागच्या बाकावरून चाल ऐकू येते. मग मी मुलांना बाकावर ताल धरायला बंदी करते आणि तीच कविता नुसती बोलून दाखवायला लावते, शेजाऱ्याशी बोलावे तशी. मुले अडखळतात. पण त्या अडखळण्यातच त्यांना चालीखाली दडून गेलेला एखादा शब्द सापडतो. शिवाय गाण्याला वेळेचे बंधन. पाच-सहा मिनिटांत जेवढी मावतील तेवढी कडवी घ्यायची आणि बाकीची पुस्तकातच ठेवायची. ऐकणाऱ्याला वाटते, कविता एवढीच.

असे सुटलेले पान कधी कधी फार महत्त्वाचे असते. सेपुल्तुराने २००९ मध्ये अँटनी बर्जेसच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज' या १९६२ च्या कादंबरीवर तबकडी काढली. दांडगाई करणाऱ्या एका तरुणाची ती कथा. तो बेथोव्हनचा भक्त, म्हणून त्या तबकडीत बेथोव्हनही आहे. या कादंबरीची एकवीस प्रकरणे. अमेरिकेत ती छापली तेव्हा शेवटचे प्रकरण गाळले गेले आणि १९७१ चा कुब्रिकचा प्रसिद्ध चित्रपट त्या गाळीव प्रतीच्या वाटेने गेला. गाळलेल्या प्रकरणात तो तरुण मोठा होतो, त्याला आपल्या दांडगाईचा आपणच कंटाळा येतो, घरसंसार हवासा वाटू लागतो. अमेरिकन वाचकाला हे पान मिळायला १९८६ साल उजाडावे लागले. चोवीस वर्षे पुष्कळ लोकांना वाटत होते, माणूस काही सुधारत नाही असे त्या पुस्तकाचे म्हणणे आहे. एका पानाने केवढा फरक पडतो!

हे मी भाच्याला सांगत होते तेव्हा आई पलीकडे खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "गाण्यात बोट ठेवता येत नाही ना, म्हणून असं होते."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षिका होती. हातात पुस्तक नसलेली आई मी लहानपणी पाहिलेली नाही. स्वयंपाक करतानासुद्धा ओट्यावर, डाळीच्या डब्याला टेकवलेले पुस्तक असायचे आणि त्याच्या पानांना हळदीची बोटे असायची. ती वाचता वाचता एखाद्या ओळीवर बोट ठेवून खिडकीबाहेर पाहत बसायची. बोट उठेपर्यंत तिच्याशी बोलायचे नाही, हा आमच्या घरचा नियम. गेल्या पाचसहा वर्षांत काचबिंदूने तिची नजर काठाकाठाने खात खात आत आणली. आता तिला उजेड कळतो, माणसाची आकृती कळते. अक्षर कळत नाही.

पुस्तक गेले तेव्हा तिच्याजवळ जे राहिले, ते सगळे चालीवर राहिले. हरिपाठ राहिला. पारायणातल्या ओव्या राहिल्या. नुसत्या म्हणायला गेली तर तिसऱ्या चरणापाशी अडते, पण चालीवर म्हणू लागली की चाल तिचा हात धरून पुढे नेते. गीतरामायण राहिले. आणि ग्रेस राहिले. ज्या कवीला ती पूर्वी, "काय लिहिते बाप्पा हा माणूस!" असे म्हणायची, त्याचे शब्द आता ती दुपारच्या वेळी डोळे मिटून म्हणते. त्याचा अर्थ तिला लागला की नाही, हे मी विचारलेले नाही. विचारायचे धाडस होत नाही.

पण बोटाविषयीचे तिचे ते वाक्य मला लागले. गाणे आपल्या वेगाने पुढे जाते. ऐकणाऱ्याला थांबायचे असले तरी ते थांबत नाही. थांबायचे, मागे जायचे, एका शब्दापाशी रेंगाळायचे, ही मुभा फक्त पानावर असते आणि माझ्या आईची ती मुभा गेली आहे. म्हणून मी एक केले. रोज रात्री जेवणे झाल्यावर 'संध्याकाळच्या कविता' किंवा 'चंद्रमाधवीचे प्रदेश' काढते आणि तिला वाचून दाखवते. हळू, चाल न लावता. गाण्यात आलेले कडवे आले की तिचे ओठ हलतात. न आलेले आले की ती मान थोडी पुढे करते. आणि मध्येच हात उचलते. हात उचलला म्हणजे थांबायचे. तो खाली येईपर्यंत मी गप्प बसते. बोटाचे काम आता हात करतो आणि घरातला नियम तोच आहे.

एका रात्री तिने फार वेळ हात वर धरला होता. भाचा पाणी प्यायला आला आणि तसाच दारात उभा राहिला. शेवटी हात खाली आला आणि आई म्हणाली, "हे गाण्यात नव्हतं." मी म्हटले, "नव्हतं." ती म्हणाली, "पण गाणं नसतं तर मी इथपर्यंत आलीच नसती."

याहून अधिक मला या विषयावर सांगता येणार नाही, एम. ए. झाल्यावरही नाही. गाणे दारापर्यंत आणते. आत शिरायचे तर पानच हवे. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले, नाही तर कोणीतरी आपल्यासाठी वाचलेले. काटोलच्या त्या माउलीला रडू येते, ते दाराशी उभे राहून. तिची मुलगी आता वहीतली रेघ न ओढता आत पाहू लागली आहे. पुढल्या वर्षी ती मराठी घेऊन एम. ए. करणार म्हणते. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद मला आहेच. पण आमच्या विभागात वर्ग भरायला मुले लागतात, आणि ती दर्जाने येत नाहीत. कोणी गाण्यामागून येते, कोणी आईमागून.

भाच्याने ग्रंथालयातून डांटेचे इंग्रजी भाषांतर आणले आहे. सध्या नरकाच्या सातव्या वर्तुळात आहे. सेमिस्टरच्या परीक्षेमुळे पुढे सरकत नाही. त्याच्या त्या लाडक्या वाद्यवृंदाने चाळीस वर्षांनंतर आता थांबायचे ठरवले आणि २०२४ पासून जगभर निरोपाचे कार्यक्रम सुरू केले, म्हणून तो काही दिवस उदास होता. आईने त्याला जवळ बसवून विचारले, "त्यांनी ज्याच्यावर गाणं केलं, ते पुस्तक आहे ना अजून?" तो म्हणाला, "आहे." "मग वाच. मलाही सांग, त्या नदीपर्यंत आला की."

वाचकहो, दिवाळीत तुमच्याही घरी पहाटे गाणी लागतील. फराळाचे ताट पुढे असेल, पोरे फटाक्यांच्या मागे असतील आणि कुठलीशी जुनी, न कळलेली ओळ कानांवर येईल. ती कोणाची आहे, एवढे विचारा. पुस्तक घरात असेल तर काढा; घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दोन पाने वाचून दाखवा आणि त्याने हात उचलला तर थांबा. पुस्तक नसेल तर शेजाऱ्याकडून मागून आणा. फक्त वेळेवर परत करा. माझ्या 'राजपुत्र आणि डार्लिंग'ची प्रत गेली चार वर्षे कोणाकडे तरी आहे.